बाटली क्रमांक 53-एन

धनुर्वात लगेच येत नाही. गंजका खिळा पायात घुसला की आई पोराला ओढत दवाखान्यात नेते, ती याच उशिराच्या भरवशावर. जंतू आत शिरला त्या क्षणापासून जबडा आवळेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. बहुधा आठवडा, कधी दोन. या मधल्या काळात माणूस धडधाकट असतो, शेतावर जातो, भाकरी खातो, आणि आतले घड्याळ चालू असते.

1902 साली पंजाबातल्या मलकवाल नावाच्या गावात 19 माणसे अशी धनुर्वाताने गेली. ठपका आला तो मुंबईत परळला बसून प्लेगची लस बनवणाऱ्या एका संशोधकावर. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. तो दोषी की निर्दोष, हे सांगू शकेल अशी एक साक्ष पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांच्या समोर होती. ती साक्ष तासांची होती. चौकशी करणाऱ्यांनी तिला किंमत दिली नाही, आणि ती ऐकली जायला जवळजवळ पाच वर्षे गेली. म्हणून हा घटनाक्रम मी तासांतच मांडतो आहे. शून्य म्हणजे 30 ऑक्टोबर 1902, मलकवालला टोचणी झाली तो दिवस.

53,400 तास आधी. मांडवी, मुंबई

23 सप्टेंबर 1896. मांडवीतल्या रुग्णांना तपासून डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी निदान केले: गाठीचा प्लेग. व्हिएगस गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांचे म्हणणे सुरुवातीला अनेकांना पटले नाही. पुढच्या काही आठवड्यांत धान्याची गोदामे, चाळी, गिरणगाव असे सगळीकडे मेलेले उंदीर सापडू लागले आणि मुंबई रिकामी होऊ लागली. बोरीबंदरहून सुटणाऱ्या गाड्यांत लोक जीव मुठीत धरून बसत होते, आणि त्यांच्यातल्या काहींबरोबर रोगही गावोगाव जात होता.

सरकारने कलकत्त्याहून हाफकिनना बोलावून घेतले. ते ऑक्टोबरात मुंबईत पोहोचले. वय 36. जन्म ओडेसाचा, ज्यू घरातला. विद्यार्थिदशेत त्यांनी ज्यूंवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वसंरक्षणाच्या दलात भाग घेतला होता, तुरुंगही पाहिला होता. धर्म बदलला असता तर रशियात नोकरी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. गुरू इल्या मेचनिकोव्ह पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, त्यांच्यामागून हेही गेले, पण तिथे जागा मिळाली ती ग्रंथालयातल्या सहायकाची. उरलेल्या वेळात त्यांनी पटकीची लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. 1893 मध्ये ती घेऊन ते भारतात आले आणि दोन-अडीच वर्षांत 40 हजारांवर लोकांना त्यांनी लस टोचली. म्हणजे मुंबईला आले तेव्हा ते नवखे नव्हते. खेड्यात लस नेल्यावर काय काय होते, दगड कसे पडतात, एक मृत्यू झाला की आख्खी वस्ती कशी दार लावून घेते, हे सगळे त्यांनी बंगालमध्ये पाहिलेले होते.

50,800 तास आधी. भायखळा

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी केली हे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा वाद या कृतीवरून झाला. मांसाच्या रशात प्लेगचे जंतू वाढवायचे. हा रस्सा ते बोकडाच्या मांसाचा करत, म्हणजे हिंदूंनाही चालेल आणि मुसलमानांनाही. रशाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडायचे. जंतू त्या थेंबांना धरून वाढतात आणि झुंबराच्या लोलकांसारखे खाली लोंबू लागतात. फ्लास्क हलवला की लोलक तुटून तळाशी बसतात, वर नवे वाढतात. काही आठवड्यांनी सगळे गरम करून जंतू मारायचे, आणि शेवटी वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, म्हणजे नंतर दुसरे काही त्यात वाढू नये. आपल्या स्वयंपाकघरातले तूप एका प्राणघातक जंतूच्या लशीत असे कामी आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परक्या देशातल्या लोकांच्या ताटाचा विचार करून औषध बनवणारा शास्त्रज्ञ त्या काळात दुर्मिळ होता.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना द्यायच्या मात्रेच्या चौपट. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, तरी ते उभे राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. टोचून घेतलेल्यांत नंतर आजारी पडणारे तुरळक निघाले, न घेतलेल्यांत कितीतरी जास्त.

त्याच काळात पुण्यात काय चालले होते ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घरांत शिरणारे सोल्जर, रस्त्यावर टाकलेले सामान, बायकांची तपासणी, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. सरकार प्लेगशी दंडुक्याने लढत होते. हाफकिन टोचणी ऐच्छिक असावी असे मानणारे होते. आगाखानांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतले, तेव्हा मुंबईतले हजारो खोजे त्यांच्यामागे आले. एका विश्वासाच्या माणसाने बाही वर केली की पोलिसांच्या पलटणीला न जमणारे काम होते, हे त्या दिवसांत मुंबईने पाहिले.

28,200 तास आधी. परळ

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली. कधीकाळी गव्हर्नर तिथे राहत. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथेच पटकीने वारली आणि गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला बिऱ्हाड हलवले. पटकीची लस शोधणारा माणूस सतरा वर्षांनी त्याच दालनांत फ्लास्क मांडून बसला. इथून देशभर लस जाऊ लागली.

984 तास आधी. परळ

1902 सालच्या सप्टेंबरात, टोचणीच्या 41 दिवस आधी, परळला एका बाटलीत लस भरून बूच लावले गेले. बाटलीवर क्रमांक पडला 53-एन.

त्या दिवसांतली घाई ध्यानात घ्यावी लागेल. पंजाबात प्लेग पसरत होता आणि सरकारने तिथे लाखो लोकांना टोचायचे ठरवले होते. एवढी लस परळहून हवी होती, आणि ती हिवाळ्याच्या आत. काम लवकर व्हावे म्हणून हाफकिननी कृतीत बदल केला: शेवटी कार्बोलिक आम्ल घालायचे वगळले आणि निर्जंतुकीकरणाची भिस्त उष्णतेवर ठेवली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत आधीच रूढ होती. हा बदल अविचार नव्हता. पण बाटली मुंबईबाहेर जाणार, आगगाडीने, मग बैलगाडीने, आणि शेवटी कोण कुठे ती उघडणार हे परळला कोणाला ठाऊक नाही, अशा वेळी एक कडी कमी करणे ही जोखीम होती असे मला वाटते. पुढे याच कडीवरून त्यांना लटकवले गेले. तिचा त्या 19 मृत्यूंशी संबंध होता का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या तासांत आहे.

शून्य. मलकवाल, जिल्हा गुजरात, पंजाब

30 ऑक्टोबर 1902. हा गुजरात जिल्हा पंजाबातला, झेलमच्या बाजूचा. आज मलकवाल पाकिस्तानात आहे. त्या दिवशी गावात 107 जणांना लस टोचली गेली. टोचणारे डॉक्टर एलियट. बाटल्या उघडून देणारा त्यांचा एक कंपाउंडर.

53-एनची पाळी आली तेव्हा बूच काढायचा चिमटा कंपाउंडरच्या हातून खाली जमिनीवर पडला.

नियम असा होता की चिमटा ज्योतीवर धरून तापवायचा आणि मग वापरायचा. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्याच चिमट्याने बूच उपसले. यात त्याचा कावा काही नव्हता. समोर माणसांची रांग आणि दिवसभराचे काम. आपण स्वच्छ करतो आहोत असेच त्याला वाटले असणार. पण ती जमीन पंजाबातल्या खेड्यातली होती, आणि जिथे गुरेढोरे आणि शेण आहे तिथल्या मातीत धनुर्वाताची बीजे असतात. ही बीजे टणक कवचात झोपून राहतात. कार्बोलिकच्या पाण्यात घटकाभर बुडवल्याने ती मरत नाहीत. ज्योतीने मरतात.

त्या बाटलीतून 19 जणांना टोचले गेले. बाकीच्या बाटल्यांतून 88 जणांना.

24 तास

काही नाही. प्लेगची लस घेतली की ताप येतो, दंड सुजतो, अंग मोडून येते. ते 107 पैकी कोणालाही व्हायचे, तसे झाले असेल. ही चांगली खूण मानली जाई.

72 तास

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण हाफकिनची सुटका या रकान्यात आहे.

समजा, धनुर्वाताचा जंतू परळलाच बाटलीत शिरला होता. बाटली बंद, आत हवा नाही, पोसायला सकस द्रव, मुंबईची आणि प्रवासाची ऊब. धनुर्वाताच्या जंतूला याहून चांगले घर मिळत नाही. 41 दिवसांत तो बाटलीभर वाढला असता आणि त्याचे विष त्या द्रवात ठासून भरले असते. असे तयार विष सुईने शरीरात गेले तर ते आठवडाभर वाट पाहत नाही. दोन-तीन दिवसांत जबडे आवळू लागतात. शिवाय धनुर्वाताचा जंतू वाढलेल्या द्रवाला घाण वास येतो. बूच काढताना जवळ उभ्या असलेल्या कोणाच्याही नाकाला तो लागला असता.

तिसरा दिवस उलटला. गावात कोणाचाही जबडा आवळला नव्हता.

168 तास

टोचणीनंतर सुमारे आठवड्याने पहिले रुग्ण पुढे आले. तोंड उघडेना. मान ताठली. मग पाठ. धनुर्वात हे नाव आपल्या वैद्यांनी उगाच दिलेले नाही. शरीर धनुष्यासारखे मागे वाकते, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. आवाज झाला, प्रकाश पडला, कोणी हात लावला तरी झटका येतो.

53-एनमधून टोचलेले 19 जण. एकापाठोपाठ एक ते सगळे गेले. 88 जणांना काहीही झाले नाही.

सात दिवस. मातीतली मूठभर बीजे नुकतीच शरीरात गेली, तिथे रुजली, वाढली, त्यांनी विष तयार केले, आणि मग लक्षणे दिसली, तर जेवढा वेळ लागावा तेवढाच हा वेळ आहे. घड्याळ बोट दाखवत होते ते जमिनीवर पडलेल्या चिमट्याकडे. मुंबईकडे नव्हे.

त्यानंतरचे तास

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स. सोबत दोन वैद्यकीय अधिकारी, बॉमफर्ड आणि सेंपल. आयोगाचे मत पडले की दूषितपणा बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला शिरला. कार्बोलिक वगळल्याचे बोट हाफकिनवर रोखले गेले. त्यांना बिनपगारी रजेवर पाठवून प्रयोगशाळेच्या पदावरून दूर केले. 1904 मध्ये ते लंडनला गेले. त्यांनी कागद लिहिले, उत्तरे दिली; दारे बंद राहिली.

आयोगाची चूक कुठे झाली? कार्बोलिक असते तर हे झाले नसते, असे ते धरून चालले. पण उघडताना पडलेली बीजे काही मिनिटांतच माणसांच्या दंडात गेली. अर्ध्या टक्क्याच्या कार्बोलिकने ती बीजे त्या वेळात मेली नसती. म्हणजे जुन्या कृतीची बाटली असती, तरी त्या चिमट्यापुढे तिचा निभाव लागला नसता. न्यायालयाला सवय असते ती नियम कोणी मोडला हे पाहायची. परळला नियम बदललेला कागदावर दिसत होता. मलकवालला नियम मोडलेला एका कंपाउंडरच्या हातात होता, आणि तो कागदावर तितका ठळक दिसला नाही. हाफकिन परदेशी, ज्यू, वैद्यकीची पदवी नसलेले, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या बाहेरचे होते. याचा निकालावर किती परिणाम झाला हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या काळच्या काही लोकांनी या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले होते, आणि मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

आणि पंजाब? लस घेऊन 19 माणसे मेली ही बातमी आगगाडीच्या वेगाने गेली असणार. तिला बैलगाडी लागत नाही. लाखोंना टोचायची मोहीम मोडून पडली. प्लेग मात्र थांबला नाही. 1907 या एका वर्षात एकट्या पंजाबात प्लेगने सुमारे सहा लाख लोक मेले. लस घेतली असती तर सगळे वाचले असते असे मी म्हणणार नाही, कारण ती लस पूर्ण संरक्षण देणारी नव्हती. मृत्यूची शक्यता मात्र ती निम्म्याहून कमी करत होती. मलकवालचा अनर्थ 19 चितांवर आणि कबरींवर संपला नाही. खरा आकडा त्या सहा लाखांत कुठेतरी मिसळलेला आहे.

41,600 तास

1906 च्या अखेरीस सरकारने या प्रकरणाची कागदपत्रे प्रसिद्ध केली. ती वाचून पेटून उठले रोनाल्ड रॉस. हिवतापाचा डास भारतातच शोधणारे हे रॉस. मलकवालच्या मृत्यूंनंतर अवघ्या काही आठवड्यांत, डिसेंबर 1902 मध्ये, त्यांना नोबेल मिळाले होते. त्यांचे स्वतःचे काम इथल्या सरकारी यंत्रणेतल्या अडवणुकीतून गेलेले होते. त्यांनी कागद चाळले आणि तास मोजले. चिमटा, वास, सात दिवस. 29 जुलै 1907 रोजी लंडनच्या टाइम्समध्ये नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. रॉस, सिम्पसन, क्लाइन, न्यूयॉर्कचे सायमन फ्लेक्सनर अशी ती नावे होती. आरोप सिद्ध झालेला नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो पूर्णपणे खोटा ठरला आहे असे त्यांनी लिहिले.

वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरून भारतात परतले. पण परळला नाही. मुंबईतली जागा रिकामी नव्हती, म्हणून कलकत्ता. तिथे त्यांना प्रयोगशाळा मिळाली, माणसांवर लशींच्या चाचण्या करायची मुभा मिळाली नाही. ज्या माणसाचे सगळे आयुष्य टोचणीत गेले त्याने उरलेली वर्षे कागदावरच्या संशोधनात काढली आणि 55 व्या वर्षी निवृत्त होऊन तो युरोपला गेला. त्याने लग्न केले नव्हते. नंतरचे आयुष्य धर्माभ्यासात गेले, आणि साठवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक पाठशाळांतल्या शिक्षणासाठी ठेवून तो गेला.

मला विचाराल तर दोन माणसांवर अन्याय झाला. एक हाफकिन. दुसरा तो कंपाउंडर, कारण हाफकिनच्या सुटकेची गोष्ट सांगताना आपण सगळे त्याच्या हातातला चिमटा दाखवतो आणि पुढे जातो. रांगेत उभ्या माणसांसमोर, मातीच्या अंगणात, घाईच्या मोहिमेत त्याला एकट्याला सोडणारे कोण होते, हे कोणत्याही आयोगाने नीट विचारलेले नाही. ते 19 जण तर कुठल्याच निकालात पक्षकार नव्हते.

हाफकिननी सुरू केलेल्या प्रयोगशाळेतून 1897 ते 1925 या काळात प्लेग लशीच्या दोन कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या. 1925 मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तेव्हा हाफकिन हयात होते, युरोपात. 26 ऑक्टोबर 1930 रोजी लॉझानला ते वारले. चार दिवसांनी मलकवालच्या त्या टोचणीला 28 वर्षे पूर्ण झाली.